तुम्ही विचारलंत म्हणून : आधी ‘कोणावर?’ ते बघा

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते म्हटल्यावर नातेवाईक असोत की सोसायटीतले, सगळे एकच विचारतात: ‘आजारांबद्दल नेटवर इतकं काही येतं, त्यातलं खरं कुठे बघायचं?’ बहुतेकांना एखाद्या साइटचं नाव हवं असतं. ते मी सांगते, पबमेड. पण नुसत्या नावाने भागत नाही.

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची. 1996 पासून चालू आहे, फुकट आहे आणि लॉगिनची कटकट नाही. तीन कोटींहून जास्त लेखांची नोंद तिथे आहे. नोंद, बरं का. टेलिफोन डिरेक्टरीत नाव आहे म्हणून माणूस सज्जन ठरत नाही, तसंच हे. ‘अमेरिकन संशोधकांनी सिद्ध केलं’ असा फॉरवर्ड आला आणि मूळ लेख शोधायला गेलं, की पुष्कळदा हाती लागतो तो काचेच्या बशीतल्या पेशींवरचा नाहीतर उंदरांवरचा प्रयोग. तो खोटा नसतो. तुमच्या गुडघ्याशी त्याचा अजून संबंध आलेला नसतो, इतकंच.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारते: कोणावर?

व्हिटॅमिन सीचंच घ्या. कोविडच्या काळात घरोघरी त्या आंबटगोड गोळ्या चघळणं चालू होतं. पबमेडच्या चौकटीत इंग्रजीत ‘व्हिटॅमिन सी कॉमन कोल्ड’ एवढंच टाका. ‘फायदे’ हा शब्द घालू नका, घातलात तर फायदेच सापडतील. नोंदींचा ढीग पुढे येईल. मग डावीकडच्या फिल्टरमध्ये ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’वर टिक करा. एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून, तपासून मांडलेला आढावा म्हणजे हा. त्यात कॉक्रेन या संस्थेचा 2013 चा आढावा मिळेल. कॉक्रेनच्या आढाव्यांना सोप्या इंग्रजीतला सारांश जोडलेला असतो, तो आधी वाचा. दहावीचं इंग्रजी पुरतं.

त्यात रोज व्हिटॅमिन सी देऊन बघितलेल्या चाचण्यांतल्या अकरा हजारांवर माणसांचा हिशोब आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांना सर्दी होण्याचं प्रमाण काही घटत नाही. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आवरते, मोठ्यांत 8 टक्के आणि मुलांत 14 टक्के. आठ टक्के म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. आणि नाक वाहायला लागल्यावर गोळ्या सुरू केल्या तर ठाम असा फायदा दिसत नाही. आपण नेमकं तेच करतो! मात्र मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा 598 जणांच्या गटात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. आता एवढंच वाक्य उचलून ‘व्हिटॅमिन सीने सर्दी निम्म्यावर’ असा फॉरवर्ड केला, तर त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. फक्त सैनिक गाळलेत.

दुसरं, लेख अजून उभा आहे का तेही बघावं. एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा लेख लॅन्सेटसारख्या नामांकित नियतकालिकात, अवघ्या बारा मुलांच्या जोरावर आला. 2010 मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. पबमेडवर असा लेख उघडला की मागे घेतल्याचा शिक्का ठळक दिसतो. व्हॉट्सअॅपवर तो शिक्का कधीच येत नाही.

आणि पैसे भरले की छापून देणारी नियतकालिकं आपल्याकडे उदंड. पुणे विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारभर नियतकालिकं तपासली, तर 88 टक्क्यांवर निकृष्ट निघाली. तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणावर जाऊ नका.

पूर्ण लेख उघडायला गेलं की पुष्कळदा डॉलरमध्ये पैसे मागतात. लगेच कार्ड काढू नका. ‘फ्री फुल टेक्स्ट’चा फिल्टर लावून बघा. तिथे नसला तर लेखकांच्या नावांखाली बरेचदा ईमेल दिलेला असतो, त्यावर दोन ओळी टाका. आपला लेख कोणीतरी वाचायला मागतंय याचं संशोधकांना अप्रूप असतं, बरेच जण आनंदाने पाठवतात.