हेल्मेटचा पट्टा लावा, प्लीज

आज दिवसभर पुण्याच्या रस्त्यांवर तेच दिसत होतं. हेल्मेट डोक्यावर, पट्टा मात्र मोकळा लोंबतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट डोक्याला पट्ट्याने घट्ट बांधलेलं हवं, नुसतं ठेवलेलं नाही. कारण साधं आहे. गाडी घसरली की मोकळं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडतं आणि डोकं रस्त्यावर उघडंच आपटतं.

पट्टा हनुवटीच्या टोकावर नको, खाली गळ्याशी हवा. मध्ये दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवा. मग मागची कड धरून हेल्मेट वर-पुढे ढकला. निघालं तर माप मोठं आहे किंवा पट्टा सैल आहे. खटक्याचं बकल असेल तर लावल्यावर एकदा ओढून बघाच, अर्धवट अडकलेलं बकल ऐनवेळी सुटतं.

आतला थर्माकोलसारखा थर स्वतः दबून धक्का झेलतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदला. घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा दुचाकी हेल्मेटचा भारतीय मानक क्रमांक बघा.

मागे बसणाऱ्यालाही हाच नियम आहे, चार वर्षांवरच्या मुलांनाही. मुलांना मोठ्यांचं हेल्मेट घालू नका, त्यांच्या मापाचं मिळतं.