काराकल्लाच्या स्नानगृहात

आज रोममध्ये सम्राट काराकल्लाची स्नानगृहं पाहिली. इ. स. 216 मध्ये सुरू झालेली. भिंती इतक्या उंच की बघताना मान अवघडते. आधी अंगाला तेल, व्यायाम, मग कोमट, कढत आणि शेवटी गार पाण्याची दालनं. साबण नाही, धातूच्या वाकड्या पट्टीने तेल-मळ खरवडून काढायचा.

पण माझं मन अडकलं ते जमिनीखालच्या बोगद्यांत. तिथे गुलाम भट्ट्यांमध्ये लाकडं सारत राहायचे आणि त्या धगीने वरची फरशी तापायची. वर गप्पा रंगलेल्या, खाली हे घामाने निथळणारे. त्यांची नावंसुद्धा उरली नाहीत, याचं फार वाईट वाटलं.

537 साली रोमला वेढा घालणाऱ्या गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी जलवाहिन्या तोडल्या आणि पाणी थांबलं. कोरड्या तलावापाशी बराच वेळ उभी होते. पाय निघेना.