हाताला काय लागलं?

दोन देशांतल्या आम्ही फिजिओथेरपिस्टनी मिळून दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आखला, तेव्हा मला एकच धास्ती होती: हात कसा शिकवायचा? ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट मेटलंड यांच्या सांधे हलवण्याच्या पद्धतीत 4 पायऱ्या. पहिलीत आणि चौथीत हालचाल इवलीशीच. पहिली सुरुवातीला, चौथी अगदी शेवटी, ताठरपणाला भिडून. कॅमेऱ्यात दोन्ही सारख्याच दिसतात! म्हणून तिकडची अनुभवी सहकारी विद्यार्थ्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवते आणि मी इकडून विचारते, "आता हाताला काय लागलं?" परवा खांदा तपासताना एकजण क्षणभर थांबून म्हणाला, "मॅडम, जाड चामडं ताणल्यासारखं." बरोब्बर! सांध्याचं आवरण असंच लागतं. व्याख्यानं, परीक्षा पडद्यावर निभतात. पण ती सहकारी शेजारी उभी नसेल, तर हा विषय मी शिकवणार नाही.