आमची वाटचाल: दोन प्रेसपासून आजपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बाबांनी भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीन, टाकल्या. वॉशर, ब्रॅकेट, पत्र्याचे बारीकसारीक जॉब. खंडेनवमीला मशीनला हार घालायचा, हात आत जाऊ नये म्हणून असलेला गार्ड मात्र काढून कोपऱ्यात ठेवलेला. एका दुपारी एका प्रेसच्या क्लचची की, म्हणजे प्रेस चालू-बंद करणारी खिळी, झिजलेली असल्याने डबल स्ट्रोक पडला, प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली आणि आमच्या कारागिराची तर्जनी गेली. त्या रात्री बाबा हॉस्पिटलच्या बाकावरून उठले नाहीत. धंदा वाढला, आम्ही रबाळे एमआयडीसीत आलो, पण ती रात्र माझ्या मनातून गेली नाही.

मोठ्या ग्राहकांनी आधी ओएचएसएएस १८००१, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं आणि आरोग्याचं मानक, विचारलं, पुढे मार्च २०१८ मध्ये त्याच्या जागी आयएसओ ४५००१ आलं. मला वाटलं, फायली नीट लावल्या की झालं. प्रत्यक्ष वाचायला बसलो तेव्हा आमची चूक दिसली. आम्ही सगळ्यांना हातमोजे वाटून निश्चिंत होतो, आणि या मानकात हातमोजे सगळ्यात शेवटी येतात. आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचा पर्याय आणा, मग मशीनमध्ये सुधारणा, मग नियम आणि ट्रेनिंग. म्हणून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बदलून घेतल्या. आता पत्रा बाहेरूनच सरकतो, वरून खाली येणाऱ्या पंचाखाली हात न्यावाच लागत नाही.

दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस चालेल अशी दोन बटणं बसवली, तर एका ऑपरेटरने एक बटण पत्र्याच्या तुकड्याने दाबून ठेवलेलं. पूर्वी मी ओरडलो असतो. पण कामगारांना विचारा, त्यांना निर्णयात घ्या, हे ४५००१ मध्ये स्पष्ट लिहिलंय. विचारलं. "शेठ, बटण उंच आहे, संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो." त्याच दिवशी स्टँड चार इंच खाली घेतला. तुकडा पुन्हा दिसला नाही.

सर्टिफिकेट आयएसओ स्वतः देत नाही, ते प्रमाणन संस्था देते. तीन वर्षांची मुदत, दरवर्षी ऑडिट. ते सगळं रीतसर झालं. खरा कस लागला तो थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या वहीचा. कित्येक महिने कोरी! पगार कापतील ही भीती. कुणाचाही पैसा कापणार नाही, हे मी शॉपफ्लोअरवर उभं राहून मराठीत आणि हिंदीत सांगितलं. लिहिता येत नसेल त्याने तोंडी सांगावं, सुपरवायझर लिहील.

पहिली नोंद एका हेल्परची: "तीन नंबर प्रेसच्या क्लचचा आवाज बदललाय." प्रेस उघडली. की झिजलेली होती. माल एक दिवस उशिरा जाईल, असा ग्राहकाला मीच फोन केला.