रात्रीचा रस्ता कुठून जातो

शनिवार

सकाळी नऊला रायबंदरच्या धक्क्यावर उभी होते. दिवाडी आणि चोडण, दोन्ही बेटांना इथून फेरीबोट मिळते. दोन्ही मांडवीच्या पात्रातली, दोन्ही पणजीच्या इतकी जवळ, आणि गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. पाऊस लागायच्या आत घर ठरवायचं आहे. नवरा घरूनच काम करतो, त्याला वीज आणि इंटरनेट नीट मिळालं की झालं. लेक सहा वर्षांची. सासूबाई बहात्तरच्या, त्यांना दम्याचा त्रास. रोज पणजीतल्या पाटो भागात ऑफिसात पोचायचं ते फक्त मला.

पणजीतच का नाही घेत, असं कोल्हापुरातून घरचे सगळे विचारतात. पणजीत दोन खोल्यांना जे भाडं सांगतात तेवढ्यात बेटावर अंगण आणि वर फणसाचं झाड मिळतंय. आणि लेकीला शाळेतून आल्यावर दार उघडून थेट बाहेर पळता यावं, ही माझी फार दिवसांची इच्छा.

आज दिवाडी पाहिलं. पायी जाणाऱ्याला फेरीचे पैसे पडत नाहीत. दुचाक्या आधी चढतात, मग गाड्या अंतर ठेवून लावतात, साखळी ओढली की पाण्याचा वास येतो. पाच-सात मिनिटांत पलीकडे. पुढचा रस्ता खाजन शेतांमधून जातो. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली भातजमीन. बांधाला मानस असते, भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणारं दार. त्या पाण्यात तग धरणारं कोरगूट भात इथे पिकतं. टेकडीवर पियेदादचं चर्च, खाली जुनी घरं, ओसरीला बसायला सोपे, म्हणजे बांधीव बाक. एका घरापुढे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल थांबवून भोंपू वाजवत होता. गरम पोय, म्हणजे इथला कोंड्याचा पाव, घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. मन तिथल्या तिथे हो म्हणून बसलं.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. मी विचारलं, फेरी चुकली तर? त्या म्हणाल्या, "फेरी चुकली जाल्यार दुसरी येता, बाय." इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला तो प्रश्न पुन्हा विचारवेना. पण मला विचारायचं होतं ते दिवसाचं नव्हतं.

परत येताना शेतांपलीकडे कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली. रूळ बेटावरून जातात, पण गाडी बेटावर थांबत नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर तिला ते फार आवडलं. मला मात्र कसंसंच झालं.

रविवार

सासूबाईंशी फोनवर तासभर. त्यांना दिवाडीचं सांगताना सप्तकोटीश्वराचा विषय निघालाच. कदंब राजांचा हा देव मुळात दिवाडीचा. पोर्तुगीजांच्या काळात देऊळ गेलं, लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ नव्याने बांधायला सांगितलं. सासूबाईंना हे शाळेपासून माहीत आहे. दिवाडीवरही एक नार्वे आहे, पलीकडेही नार्वे, मध्ये पाणी. त्या लगेच म्हणाल्या, "मग देवाला पण नदी ओलांडावीच लागली की."

चोडणचा देवकीकृष्णही असाच गेला. आधी मयेला, मग माशेलला, आणि आज तो माशेलचाच मानतात. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं की तीन दिवसांनी मला याच मयेचा रस्ता आठवत बसावं लागेल.

मंगळवार

ऑफिसची वेळ धरून येण्याजाण्याची चाचणी घेतली. सकाळी आठला दिवाडीच्या धक्क्यावर स्कूटर घेऊन उभी. रायबंदरला उतरले, तिथून मांडवीच्या काठाने पणजीकडे. रायबंदर ते पणजी हा सरळसोट रस्ता म्हणजे १६३०च्या दशकात पोर्तुगीजांनी दलदलीतून बांधलेला बांध. तीन किलोमीटरच्या आसपास, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला मिठागरं. पावणेनऊच्या आत मी पाटोला होते. हे लिहून ठेवते, कारण पुण्यात हिंजवडीला जाताना मी दोन वर्षं याच्या दुप्पट वेळ एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत घालवला आहे. फेरीवरचा वेळ त्या वेळेसारखा नसतो. हँडल सोडता येतं. समोर बगळा दिसतो.

म्हणजे ऑफिसपुरतं बोलायचं तर दोन्ही बेटं सारखीच. रायबंदरचाच धक्का, तोच बांध, तेच पाटो. इतके दिवस मी मिनिटं मोजत होते आणि मिनिटांनी काहीच ठरत नव्हतं.

बुधवार, फार उशिरा

रात्री साडेअकराला कोल्हापुरातून फोन. सासूबाईंना दम लागला होता. नवऱ्याने गाडी काढली, वीस मिनिटांत दवाखाना, नेब्युलायझर लावला, आता बऱ्या आहेत. मी इथे पणजीतल्या खोलीत एकटी, काही करता येत नाही, नुसता फोन हातात. आणि डोळ्यांपुढे दिवाडीचा धक्का. अंधार, फेरी पलीकडच्या काठाला, आणि आपण गाडीत सासूबाईंचा श्वास ऐकत बसलोय. दिवाडीला पूल नाही. पूल हवा आणि नको, दोन्ही म्हणणारे लोक तिथे आहेत आणि दोघांचंही मला पटतं. पूल आला तर ती शेतं आणि ती शांतता राहील का, ही भीती खोटी नाही. पण मला घर यंदा हवंय.

चोडणला मागच्या बाजूने मयेवरून डिचोलीला रस्ता जातो. फेरी असो नसो, मध्यरात्री गाडी काढली तरी डिचोलीपर्यंत पोचता येईल. दिवाडीचं अंगण, पोय, ती टेकडी, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि रडू आलं. मला ते घर खरंच हवं होतं.

शनिवार

नवरा लेकीला घेऊन आला. तिघं चोडणला गेलो. धक्क्यापासून जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीतून जाणारी वाट, दोन्हीकडे चिखलातून वर आलेली श्वासमुळं. लेक त्यांना पेन्सिली म्हणाली. घर धक्क्यापासून स्कूटरवर दहा मिनिटं आत. दिवाडीच्या घरापेक्षा लहान, कौलं एका कोपऱ्यात बदलावी लागतील, पण अंगण आहे आणि विहिरीला कठडा आहे. शेजारच्या काकांनी पहिल्या पाच मिनिटांत लेकीला बजावलं की खाडीकडच्या चिखलात एकटीने उतरायचं नाही, मगर असते. मांडवी आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेतच. नवरा घाबरला. मला उलट बरं वाटलं. अनोळखी पोरीला पहिल्याच दिवशी हे सांगणारा माणूस शेजारी असणं हीसुद्धा घर निवडताना बघायची गोष्ट आहे.

दुकानात 'नवप्रभा' आणि 'गोमन्तक' दोन्ही दिसले. फोटो काढून सासूबाईंना पाठवला, सकाळच्या चहाबरोबर मराठी पेपर ही त्यांची एकमेव अट होती.

निघताना फेरीने न येता मुद्दाम मयेवरून आलो. नवरा गाडी चालवत होता, मी घड्याळ बघत होते, लेक मागे झोपली होती. अंधार पडला होता. डिचोली येईपर्यंत एकदाही थांबावं लागलं नाही. तिथल्या दवाखान्याचं फाटक कुठे आहे, रात्री कुठल्या दारातून आत घेतात, ते उतरून विचारून घेतलं आणि परत गाडीत बसलो.

सोमवारी आगाऊ रक्कम देणार. सामानाचा ट्रक याच रस्त्याने आणायचा.