जुन्या पद्मिनीचे मिश्रण सतत लीन का राहते?

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसी इंजिनाची आणि साध्या कार्बोरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) चालणारी आहे. काही काळापासून तिचे मिश्रण सतत लीन राहत होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळे, कार्बोरेटरमधून उलटे फटके येत आणि प्लग काढून पाहिले तर चिनी मातीचा भाग पांढराफटक दिसे. अशा तक्रारीवर बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर उघडून धुतात, स्क्रू फिरवतात आणि गाडी परत देतात. माझ्या मते स्क्रूला हात लावण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे: मिश्रण नेमके कोणत्या वेळी लीन होते?

इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीत, जोरदार व्हॅक्युम असतो आणि आत जाणारी एकूण हवा थोडी असते. त्यामुळे पॅकिंगच्या बारीक फटीतून शिरलेली हवासुद्धा अशा वेळी मोठा फरक पाडते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तीच गळती नगण्य ठरते. म्हणून गाडी स्लोवर थरथरत असेल आणि वेगात बरी चालत असेल, तर इंजिन एअर घेत आहे, म्हणजे फटीतून जादा हवा ओढत आहे, असे समजावे. कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला असता इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. (गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची पद्धत मला धोक्याची वाटते.) जुन्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलचा स्पिंडल (झडपेचा दांडा) झिजून भोवतालच्या भोकातून हवा ओढली जाते. तिथे नव्या पॅकिंगने काहीच साधत नाही, बुश बसवावे लागते. नट जास्त आवळल्याने वाकलेले बूडही काचेवर ठेवून तपासावे.

याउलट गाडी स्लोवर शांत असेल आणि चढावर किंवा वेगात मान टाकत असेल, तर पेट्रोल कमी पोहोचते आहे. मग टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक, फिल्टर, पंपाचा पडदा, फ्लोटची (कार्बोरेटरमधले पेट्रोल ठरावीक पातळीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य भोक) या क्रमाने पाहावे. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर पुढचे काहीही खोलण्याआधी ते भोक साफ करावे.

आमच्या गाडीत यांपैकी काहीच सापडले नाही. ती स्लोवर, मध्यम वेगात आणि चढावर सर्वत्र सारखीच लीन होती, आणि चोक (हवा कमी करून मिश्रणातले पेट्रोल वाढवणारी झडप) अर्धा ओढला की सुधारत होती. महाबळेश्वरला ती चांगली चाले, पण आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलो की पुन्हा अडखळू लागे. उंचीवर हवा विरळ असते आणि कार्बोरेटरला त्याची जाणीव नसल्याने तिथे मिश्रण आपोआप रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. म्हणून तिची उणीव वर झाकली जात होती.

सर्व वेगांत समान उणीव असेल, तर संशय खुद्द इंधनावर घ्यावा. 2023 पासून टप्प्याटप्प्याने आलेले 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता बहुतेक पंपांवर मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 किलो पुरते, तर या मिश्र इंधनाला साधारण 13.5 किलो. नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर पाहून संगणक पेट्रोल वाढवतो. पद्मिनीचा जेट म्हणजे पितळेतले एक ठरावीक भोक, ते जुन्या हिशेबानेच इंधन सोडते. परिणामी निर्दोष कार्बोरेटरसुद्धा सुमारे आठ टक्के लीन चालतो.

जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात भोकाचा व्यास सांगतो आणि प्रवाह व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे 120 च्या जागी 125 चा जेट बसवला, तर इंधन सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे जवळजवळ हवे तेवढेच. जुना जेट रीमरने (भोक कोरण्याच्या हत्याराने) मोठा करू नये, कारण तो पूर्ववत करता येत नाही. जेट बदलल्यावर चढावर गाडी ताणून, इंजिन तिथेच बंद करून प्लग पाहावा. फिकट तपकिरी रंग आला की मगच स्लोचा स्क्रू जुळवावा. त्याच वेळी इथेनॉल सोसणारे नवे रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही बसवून घ्यावा, कारण जुने रबर या इंधनात फुगते, त्याचे कण सुटतात आणि नव्या जेटमध्येच अडकून बसतात.