मेण आणि भोकाचा पैसा

"डोळे झाले. आता कपाळ भुंडंच ठेवणार का?"

आजी दारातून म्हणाली आणि भाचीच्या पापणीवर चाललेला माझा हात थांबला. उद्या तिच्या कॉलेजात रेट्रो डे, त्याची रंगीत तालीम चालली होती. साठचं दशक: साधना कट (नटी साधनासारख्या कपाळावर कापलेल्या बटा), फिकट ओठ, पापणीलगत लायनरची जाड रेघ आणि तिची शेपूट बाहेर काढून वर वळवलेली. डावी शेपूट तिसऱ्यांदा पुसून झाली होती. (उजवी बरी पहिल्या फटक्यात जमते!)

मी टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. आजीने ते बाजूला सारून कपाटातला करंडा आणला. आत मेण, पिंजर (कुंकवाची पूड) आणि एक भोकाचा पैसा. १९४३ ते ४७ मधला, युद्धात तांबं कमी पडलं म्हणून मध्ये मोकळा सोडलेला.

पैसा कपाळावर धरला. बोटाच्या उबेने मऊ केलेलं मेण भोकातून टेकवलं, वर पिंजर दाबली, हलकी फुंकर मारली. पैसा उचलला तर कंपासने काढावं असं गोल.

"मेण नसलं तर चुलीपुढे बसल्यावर कुंकू नाकावर उतरतं गं."

म्हणजे प्रायमर आणि स्टेन्सिल. माझा प्रायमर साडेसातशेचा आहे. आणि आम्ही दोघी तासभर जुना मेकअप मोबाइलवर शोधत होतो, आजी शेजारच्या खोलीत असताना.

भाची उद्या लायनर आणि आजीचं कुंकू, दोन्ही लावून जाणार आहे.

करंड्यातलं मेण मात्र तळाला गेलंय. हल्ली कुठे मिळतं, कुणाला माहितीये?